दाढीवालं हरीण

परदेशात माणसं माणसाच्या पायाकडे बघत नाहीत, हा गोरक्ष सोनवणेचा ठाम सिद्धांत होता. तो त्याने मुंबईच्या विमानतळावर मांडला, विमानात दोनदा मांडला, आणि जर्मनीत उतरल्यावर बसमध्ये शेजारी बसलेल्या तेजस्विनीला परत ऐकवला.

"तिकडची माणसं डोळ्यांत डोळे घालून बोलतात. पायाकडे बघायची सवय आपली. आपल्याला वाकून नमस्कार करायचा असतो ना!"

"झालं तुझं?" तेजस्विनी म्हणाली. "मग मघापासून पाय सीटखाली का कोंबलेस?"

याला कारण होतं. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजचे एकवीस विद्यार्थी आणि त्यांचे उपेंद्र सर, असे बावीस जण 'हिर्शलाउफ' ही बूट आणि खेळाचे कपडे बनवणारी कंपनी बघायला निघाले होते. हिर्श म्हणजे हरीण. कंपनीचं बोधचिन्ह उडी मारणारं हरीण. आणि गोरक्षच्या पायातल्या बुटांवरही उडी मारणारं हरीण होतं. फक्त या हरणाला दाढी होती.

तीन वर्षांपूर्वी नाशिकला मेन रोडच्या मागच्या गल्लीत दुकानदाराने ते बूट छातीशी धरून सांगितलं होतं, "ओरिजिनल नाय म्हणणार मी. खोटं कशाला बोलू? पण फर्स्ट कॉपी आहे भाऊ, फर्स्ट कॉपी! ओरिजिनलवाला पण फसेल!" ओरिजिनलवाला फसेल की नाही, हे तपासायला गोरक्ष आता थेट ओरिजिनलवाल्याच्या दारात चालला होता.

या सहलीसाठी त्याने नवे बूट घेतले नव्हते असं नाही. घेतले होते, बॅगेतही भरले होते. पण विमानतळावर बॅग वजनाला जास्त भरली. आत आई सगुणाबाईंनी खापरावरचे मांडे, उडदाचे पापड आणि काळा मसाला असा ऐवज भरला होता. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सव्वा किलो कमी करा. मांडे की बूट? गोरक्षने आईचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि बूट काढून सोडायला आलेल्या अमोलच्या हातात दिले. अमोल हा त्याचा मावसभाऊ. ते बूट घालून तो दुसऱ्याच दिवशी घोटीला एका लग्नात नाचला, असं नंतर फोटोंवरून कळलं.

हे सगळं एरवी गोरक्षने हसून सोडलं असतं. पण या भेटीनंतर कंपनी एकवीस विद्यार्थ्यांपैकी एकाला सहा महिन्यांसाठी ट्रेनी म्हणून ठेवून घेणार होती. आणि तो एक जण आपणच, हे गोरक्षने आपल्या गावी, सटाण्यात, जाहीर करून टाकलं होतं. त्याने एकट्या आईला सांगितलं होतं. त्यामुळे दुपारपर्यंत ते कांदा मार्केटात सगळ्यांना ठाऊक झालं.

गोरक्षला जागेपणी स्वप्नं पडत. यात त्याचा दोष नव्हता. लहानपणी लिलावाचा नंबर येईपर्यंत ट्रॉलीतल्या कांद्यांवर उताणं पडून आभाळ बघत राहायचं, हेच त्याचं काम होतं. ढग बघता बघता तो कुठल्या कुठे जाऊन यायचा आणि खाली आला की अंगाला कांद्याचा वास असायचा. आताही बसच्या काचेपलीकडे धुकं होतं, धुक्यात काचेची प्रचंड इमारत होती, आणि ती जमिनीला टेकलेली नव्हतीच. तिच्या माथ्यावर ते पोलादी हरीण पुढचे पाय उचलून धुक्यात शिरत होतं. गोरक्षला वाटलं, आपण रोज सकाळी हातात कॉफी घेऊन इथून आत जातो आहोत. दारवान म्हणतो, गुड मॉर्निंग, हेर (म्हणजे मिस्टर) सोनवणे. आपण म्हणतो...

"उतर!" तेजस्विनी म्हणाली. "आणि हरणाला दाढी नाहीये हां खऱ्या. बघून घे."

दारातच प्रयोगशाळेच्या प्रमुख हेल्गाबाई उभ्या होत्या. उंच, पांढरे केस, गळ्यात चष्मा. त्यांनी इंग्रजीत सर्वांचं स्वागत केलं आणि पहिलंच वाक्य असं टाकलं की गोरक्षचा सिद्धांत जागच्या जागी बसला.

"आमच्याकडे आम्ही आधी माणसाच्या पायाकडे बघतो. चेहरा नंतर."

झालं! गोरक्षने पँट शक्य तितकी खाली ओढली. पायघोळ पँट सावरत, नव्या नवरीसारखी छोटी छोटी पावलं टाकत, तो तेजस्विनीच्या आडोशाने चालू लागला.

"पोट दुखतंय का रे?" उपेंद्र सरांनी विचारलं.

"नाही सर. भारावलोय."

कॉरिडॉर संपला आणि समोर एक मोठं, अंधारलेलं, शांत दालन आलं. आत ठिकठिकाणी काचेच्या पेट्या, प्रत्येक पेटीत एक जुना बूट, आणि प्रत्येक बुटावर वरून पडणारा सोनेरी उजेड. समोर कंपनीच्या संस्थापकाचा फोटो. गोरक्षला तिथे कल्पना सुचली. अशी कल्पना माणसाला वर्षातून एकदाच सुचते आणि वर्षभर पुरते.

उपेंद्र सर पंचवटीतले. घरात पिढ्यान् पिढ्या यात्रेकरूंचं उपाध्येपण. सरांनी मार्केटिंगमध्ये डॉक्टरेट घेतली होती, पण कुठेही मंद उजेड आणि शांतता एकत्र दिसली की त्यांचे हात आपोआप जुळत. एकदा ते एका मॉलच्या घड्याळाच्या दुकानापुढेही थांबले होते.

"सर," गोरक्ष हळूच म्हणाला, "हा यांचा गाभाराच म्हणायचा ना? मग पायात घालून कसं जायचं?"

सर विरघळले. "वा, गोरक्ष! ही संस्कृती! काढा रे सगळ्यांनी. बूट काढा!"

एका मिनिटात दाराबाहेर बावीस जोड ओळीने लागले. गोरक्षने आपला जोड सगळ्यांत मागे, भिंतीकडे तोंड करून ठेवला. हेल्गाबाई बघतच राहिल्या. मग त्यांनीही आपले बूट काढले. ते बघून दालनाच्या दारवानाने काढले आणि तोही आत आला.

"इतक्या वर्षांत असा मान कुणी दिला नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला. गोरक्षला वाटलं, ट्रेनीचं पत्र आता टाइप करायचंच बाकी आहे.

आतली जमीन उबदार होती! नुसत्या मोज्यांवर तेवीस-चोवीस माणसं आवाज न करता तरंगत होती. गोरक्षच्या उजव्या मोज्यातून अंगठा, खिडकीतून डोकावणाऱ्या शेजाऱ्यासारखा, बाहेर येऊन बघत होता. तोही खूश दिसला. काचेच्या पेट्या दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे सरकत होत्या आणि गोरक्षला कळेना, आपण चालतोय की पेट्या.

दालनाच्या मधोमध सगळ्यांत मोठी पेटी होती. उजेड सर्वांत जास्त तिच्यावर. आत काहीच नव्हतं.

"आमचा सगळ्यांत गाजलेला बूट," हेल्गाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "त्याचा अगदी पहिला नमुना हातांनी शिवला होता. तीस वर्षांपूर्वी आशियातल्या एका कारखान्याकडे पाठवला, वाटेत हरवला. आमचे संग्रहपाल अजून शोधताहेत. तो सापडेपर्यंत पेटी रिकामी राहील, दिवा चालू राहील."

उपेंद्र सरांनी रिकाम्या पेटीला मनोभावे नमस्कार केला. "निर्गुण!" ते पुटपुटले.

गोरक्षला ही कंपनी फार आवडली. जे नाही त्याच्यावर दिवा लावून बसणारी माणसं! ही तर आपलीच जात. तो त्या रिकाम्या उजेडाकडे बघत राहिला आणि सगळे बाहेर गेल्यावर शेवटचा बाहेर आला.

बाहेर बूट नव्हते.

एकही नव्हता. हेल्गाबाईंचे नव्हते, दारवानाचे नव्हते. स्वच्छ फरशी, तिच्यावर दिव्याचं प्रतिबिंब, आणि अनवाणी दारवान. नेमका तेव्हा गोरक्षचा फोन वाजला. सटाण्याहून आई. व्हिडिओ कॉल. आई अहिराणीत बोलायची आणि तीन शेतं ओलांडून ऐकू जाईल इतक्या जोरात बोलायची.

"गोरक्ष! जेवना का रे? तुनाजोडे कोन शे?"

उपेंद्र सर दचकले. "जोडे? तुझ्या आईला जोड्यांचं कसं कळलं?"

"सर, अहिराणीत 'जोडे' म्हणजे जवळ. 'तुझ्याजवळ कोण आहे' विचारतेय."

"हं. मला वाटलं दृष्टांत झाला." सर शांत होते. गोदाकाठी आयुष्य गेलेल्या माणसाला पादत्राणं जाण्याचं नावीन्य नसतं. देवळाबाहेर चपला गेल्या तर पीडा गेली, शनी गेला, असं म्हणून घरी अनवाणी यायचं, हे त्यांना पाठ होतं. पांढऱ्याफटक पडलेल्या हेल्गाबाईंना धीर देण्यासाठी ते पुढे झाले.

"डोन्ट वरी, मॅडम. इट इज गुड. सॅटर्न इज गॉन!"

"कोण गेलं?"

"सॅटर्न! ही वॉज विथ अस फॉर सेव्हन अँड हाफ इयर्स. नाउ ही इज गॉन. व्हेरी हॅपी!"

हेल्गाबाईंनी घाईघाईने मुलं मोजली. एकवीस. कागद बघितला. एकवीस. सॅटर्नचं नाव कागदावर नव्हतं! म्हणजे नोंद नसलेला एक माणूस, साडेसात वर्षं या गटाबरोबर असलेला, चोवीस जणांचे बूट घेऊन इमारतीत फिरतोय, आणि त्याच्या शिक्षकाला याचा आनंद झालाय! दोन मिनिटांत सगळ्या इमारतीत मंजुळ आवाजात घोषणा झाली: मिस्टर सॅटर्न यांनी कृपया बुटांसह स्वागतकक्षात यावं.

"सर, काहीतरी बोला ना!" तेजस्विनी म्हणाली.

"काय बोलू? आता परत बोलावतायत त्याला!" सर प्रथमच हादरले.

मिस्टर सॅटर्न आले नाहीत. पण बूट कुठे गेले ते कळलं. त्या दिवशी प्रयोगशाळेने कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं की घरचे वापरलेले बूट आणून कॉरिडॉरमध्ये ठेवा, झीज किती होते ते तपासायचं आहे. गाडा घेऊन फिरणाऱ्या माणसाला ओळीने मांडलेले चोवीस जोड दिसले. इतकी शिस्त बघून त्याला भरून आलं, आणि सगळे उचलून तो घेऊन गेला.

सगळे मोज्यांवर प्रयोगशाळेकडे धावले. घोट्यापर्यंत पँट उचलून धावताना गोरक्षला आता लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि जे लपवायचं ते पुढे प्रयोगशाळेत उजेडात पडलेलं होतं.

आत यंत्रांचे पाय चालत होते. नुसते पाय! वर माणूस नाही, खाली रस्ता नाही. एक यंत्र दारवानाचा बूट वाकवत होतं, सरळ करत होतं, वाकवत होतं. तेजस्विनीचे अस्सल हिर्शलाउफ एका फिरत्या खरखरीत पट्ट्यावर टेकवले होते आणि त्यांचा तळ कागदासारखा झाला होता.

"माझे बूट!" तेजस्विनी किंचाळली.

पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यातल्या यंत्राभोवती पांढऱ्या कोटातली चार माणसं गोळा झाली होती. त्या यंत्रावर दाढीवाल्या हरणाचा डावा बूट होता. आकडा भराभर वाढत होता आणि बूट जसाच्या तसा होता. झिजला होता तो पट्टा! पट्ट्याची खरखर जाऊन तो टकलासारखा चकाकत होता.

"तिसरा पट्टा आहे," एक पांढरा कोट म्हणाला.

हेल्गाबाईंनी यंत्र थांबवलं. "हा बूट कुणाचा?"

गोरक्षने छताकडे बघितलं. छतावर ढग असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, तो गोरक्षचा," तेजस्विनी म्हणाली. तळ गेलेल्या बुटाचा राग तिच्या आवाजात होता.

हेल्गाबाई बूट हातात घेऊन जवळ आल्या. तीन वर्षं सटाण्याची माती, कांद्याची टरफलं, दोन पावसाळे आणि एक उलटलेली ट्रॉली यांतून गेलेला तो बूट तीस वर्षांचा दिसत होता. "हे मॉडेल... हे तर आमचं तेच मॉडेल आहे. पण असा मी कधी पाहिला नाही. काय आहे हे?"

गोरक्षने मनाशी ठरवलं. लपवायचं नाही. मान खाली घालून तो जगातलं सर्वांत लाजिरवाणं वाक्य इंग्रजीत म्हणाला.

"मॅडम, इट इज... फर्स्ट कॉपी."

हेल्गाबाईंनी बूट दोन्ही हातांनी धरला.

"फर्स्ट?"

"येस मॅडम. फर्स्ट कॉपी. सॉरी."

"पहिली प्रत!" बाई जवळजवळ ओरडल्या. "आणि हा मुलगा सॉरी म्हणतोय!"

मेन रोडच्या गल्लीत फर्स्ट कॉपी म्हणजे काय, हे जर्मनीत कुणी सांगितलं नव्हतं. फोन झाले. माणसं धावली. लिफ्टमधून संग्रहपाल आजोबा आले, पांढरे हातमोजे घालून, मखमलीची उशी घेऊन. बूट उशीवर ठेवला गेला. हेल्गाबाईंनी गोरक्षचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "सोनवणे, आम्हाला आमचा ट्रेनी मिळाला!"

त्यानंतरची दोन-तीन मिनिटं गोरक्ष कुठे होता ते त्यालाही सांगता येणार नाही. उशी तरंगत होती, तिच्यावर बूट, बुटावर उजेड. रिकामी पेटी उघडत होती. दारवान म्हणत होता, गुड मॉर्निंग, हेर सोनवणे. मार्केटात लिलाव थांबवून माणसं फोनवर त्याचा फोटो बघत होती. गप्प राहायचं होतं फक्त. गप्प राहण्याइतकं सोपं काम त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं.

मग त्याला आजोबा दिसले. त्यांनी बूट डोळ्यांशी नेला होता. बोट टाचेवरून फिरत होतं. तिथे जाड मेणदोऱ्याने एक छोटा 'य' घातलेला होता.

"ही खूण," आजोबा कापऱ्या आवाजात म्हणाले. "तीस वर्षं मी कागदपत्रं धुंडाळतोय. या खुणेचा उल्लेख कुठेच नाही." आणि चक्क त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

सटाण्याचा माणूस काहीही बघू शकतो, म्हातारा रडताना बघू शकत नाही.

"आजोबा," गोरक्ष मराठीतच म्हणाला, आणि मग इंग्रजीत, "तो 'य' आहे. यादवमामांचा. आमच्या स्टँडजवळ बसतात. मूळ तळ दोन महिन्यांत निघून आला होता, म्हणून त्यांनी ट्रॅक्टरच्या टायरचा बसवला. आमच्याकडे फर्स्ट कॉपी म्हणजे... नक्कल. डुप्लिकेट. हे बघा, तुमच्या हरणाला दाढी नाही."

आजोबांनी चष्मा लावला. दाढी बघितली. मोठ्या आवाजात नाक शिंकरलं, बूट हेल्गाबाईंना परत दिला आणि रिकामी उशी काखेत मारून लिफ्टकडे निघून गेले. पांढरे कोट भिंतीकडे बघू लागले. उपेंद्र सरांनी डोळे मिटले.

"शनी आला परत," ते म्हणाले.

हेल्गाबाईंनी तो बूट उलटा केला, टायरच्या नक्षीवरून नख फिरवलं आणि विचारलं, "या माणसाचा पत्ता मिळेल?"

सगळे कंपनीने दिलेल्या पांढऱ्या सपाता घालून परत आले. सपातांवर हरीण होतं, बिनदाढीचं. सरांनी त्या विमानात घातल्या, पंचवटीत घातल्या, आणि अजून घालतात.

महिनाभराने दोन पत्रं आली. पहिलं तेजस्विनीला. सहा महिन्यांसाठी ट्रेनी. तिने गोरक्षला पेढा दिला आणि म्हणाली, "तू गप्प बसला असतास ना, तर हा पेढा तू दिला असतास."

"माहितीये," गोरक्ष म्हणाला. पेढा खाताना तो धुक्यातल्या एका इमारतीकडे बघत होता.

दुसरं पत्र यादवमामांना होतं. इंग्रजीत असल्यामुळे वाचायला गोरक्षला सटाण्याला जावं लागलं. स्टँडजवळच्या कडुनिंबाखाली, चपलांच्या ढिगाशेजारी बसून त्याने ते मोठ्याने वाचलं. तीन आठवडे पाहुणे कारागीर म्हणून या, विमान आमचं, राहणं आमचं.

यादवमामांनी आरी बाजूला ठेवली. "बूट त्यासना, खराब बी त्यासनाच. मी तठे जाईसन काय करू? आठे कांदा काढणी चालू शे, गावना चपला कोन शिवी?" त्यांनी विचार केला. "त्यासले सांग, बूट आठे धाडा."

बूटच इकडे पाठवा, असं गोरक्षने कळवलं. आपण कंपनीला लिहिलेलं हे शेवटचं पत्र, असं त्याला वाटलं.

दीड महिन्याने खोकं आलं. आत चोवीस बूट, प्रत्येकाला इंग्रजी चिठ्ठी, आणि हेल्गाबाईंचं पत्र: सर्वांना तोच तळ लावावा, सहा महिने चाचणी चालेल, रोजच्या नोंदी इंग्रजीत हव्यात. मामांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी गोरक्षकडे बघितलं आणि टायरचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

तेव्हापासून गोरक्ष रोज सकाळी चहाचा कप घेऊन कडुनिंबाखाली येतो. टायर घट्ट धरतो, आकडे लिहितो, आणि मामा मेणदोरा ओढत असताना वर पानांतून दिसणारे ढग बघतो. मधूनच मामा ओरडतात, "धर ना रे, सैल सोडू नको!" आणि तो खाली येतो.

सगुणाबाईंनी मात्र शब्द खरा केला. मार्केटात भेटेल त्याला त्या थांबवून सांगतात, "मना गोरक्ष जर्मन कंपनीमा शे!"

"हो का? कोठे?"

"आठेच. स्टँडजोडे."